इंग्रजी कुणी शिकायची?

हरकतदार : साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालत जा, नाहीतर सांगलीत विश्रामबागच्या चौकात उभ्या राहा, '९० दिवसांत फाडफाड इंग्रजी' असे फलक दिसतातच. मी हिशोब मांडून बघितला. रोज एक तास धरला, एकही सुट्टी धरली नाही, तरी ९० तास होतात. केंब्रिजच्या परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगते की कोऱ्या पाटीपासून सुरुवात करून रोजच्या विषयांवर आपलं आपण बोलता-लिहिता यायचं, म्हणजे त्यांच्या भाषेत बी-वन पातळी गाठायची, तर शिकवणीचे ३५० ते ४०० तास लागतात. म्हणजे पाव हिस्सा शिकवायचा आणि पुऱ्याचा शब्द द्यायचा. यात फी बुडते त्याचं मला एवढं वाटत नाही, ताई. माणूस तीन महिन्यांनी घरी जातो तो 'वर्ग चांगलाच होता, माझंच डोकं चालत नाही' असं मनाशी ठरवून. दहावीला इंग्रजीत गेलेला माणूस चाळिशीत पुन्हा इंग्रजीत जातो. तुम्ही जीव ओतून शिकवता हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो : त्याला दुसऱ्यांदा नापास करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

वर्ग घेणारी : फलक खोटा आहे, सर. त्यावर आपलं दुमत नाही. पण तुमच्या हिशोबात कोरी पाटी धरली आहे, आणि माझ्यासमोर कोरी पाटी घेऊन कुणी येत नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधीची मुलं पाचवीपासून शिकली. म्हणजे आज जो पंचेचाळिशीत आहे आणि दहावीपर्यंत पोचला, त्यानं सहा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलंय. अक्षर येतं, बरेच शब्द ओळखू येतात. त्या सहा वर्षांत एकच गोष्ट झाली नाही : स्वतःच्या मनातलं एक वाक्य त्यानं इंग्रजीत मोठ्यानं म्हटलं नाही. सर धडा वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे. व्याकरण म्हणजे बारा काळांचा तक्ता, भूगोलातल्या नद्यांसारखा पाठ करायचा. त्यामुळं माझे ९० तास नवीन भरायला लागत नाहीत. आत जे अडकून पडलंय ते मोकळं करायला लागतात.

दुसरं असं की ही माणसं बी-वन मागायला आलेलीच नाहीत. तासगावकडचा बागायतदार येतो तो द्राक्षाच्या तपासणीचा अहवाल घेऊन. सून येते ती मुलाच्या शाळेची डायरी घेऊन. मिरजेची नर्स परदेशी नोंदणीची परीक्षा द्यायला येते. कुपवाडच्या एमआयडीसीतला सुपरवायझर येतो, कारण त्याच्यानंतर लागलेला पोरगा साहेबांना मेल लिहितो आणि पुढं जातो. त्यांना अख्खी भाषा नको आहे. प्रत्येकाला एक दार उघडायचं आहे.

हरकतदार : मोठ्या माणसाची जीभ वळत नाही, हे तुम्ही विसरता.

वर्ग घेणारी : उच्चार लहानपणीसारखा बसत नाही, हे मान्य. पण सुरुवातीचं व्याकरण आणि शब्द यांत मोठी माणसं लहान मुलांपेक्षा वेगानं पुढं जातात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. ती कारण विचारतात, ताडून बघतात, आपल्या कामाला लावून बघतात. त्यांचं अडतं ते लाजेपाशी. पोराला चुकायची सवय असते. पन्नाशीचा माणूस गावात चार जणांना सल्ला देणारा असतो. त्याला 'आय गोज' म्हणताना घाम फुटतो. म्हणून पहिले काही आठवडे माझ्या वर्गात कुणी कुणाचं वाक्य दुरुस्त करत नाही. वहीत इंग्रजी देवनागरीत लिहिलेली चालते. जुने शिक्षक यावर रागावतात. मला ती वही हवीच असते, कारण कान काय ऐकतो ते तिच्यात दिसतं.

आणि तो तपासणीचा अहवाल तुम्ही एकदा हातात घ्या, सर. पहिल्या रकान्यात औषधातल्या घटकाचं नाव. दुकानात ज्या नावानं औषध मागतात ते तिथं नसतंच. पुढच्या रकान्यात सापडलेलं प्रमाण, किलोमागे मिलिग्रॅममध्ये. त्यापुढं युरोपनं ठरवलेली कमाल मर्यादा. ज्या घटकाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथं ०.०१. आणि ओळीमागून ओळ 'बीएलक्यू'. एका बागायतदाराला बीएलक्यू हे कुठल्या तरी विषाचंच नाव वाटत होतं. यंत्राला खात्रीनं मोजता येईल त्याहूनही कमी, म्हणजे माल स्वच्छ असल्याची खूण, हे त्याला वर्गात कळलं. तोवर व्यापारी 'रिपोर्टात आलंय' म्हणायचा आणि भाव पाडायचा, आणि हा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. तीन अक्षरं कळली आणि तो व्यापाऱ्याला म्हणाला, कुठल्या ओळीत आलंय ते दाखवा. याला मी शिक्षण म्हणते.

हरकतदार : मीही म्हणतो. पण मग मला सांगा, ती तीन अक्षरं मराठीत छापायला कुणाचा हात धरला होता? अहवालाचे पैसे बागायतदाराच्या खिशातून गेले, फळ त्याचं, औषध त्यानं मारलं, आणि कागद मात्र त्याला न कळणाऱ्या भाषेत. तुम्ही त्याला कागदापर्यंत नेलंत. कागदाला त्याच्यापर्यंत यायला कुणीच सांगितलं नाही.

आणि इंग्रजीनं संरक्षण मिळतं या समजुतीबद्दलही बोलू. २०१० चा हंगाम आठवा. क्लोरमेक्वाट, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, त्याचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. तो घटक आपल्याकडच्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीतच नव्हता. यादी ठरवणारे, तपासणारे, माल पाठवणारे, सगळ्यांना इंग्रजी येत होती. युरोपचे नियमही इंग्रजीत होतेच. नुकसान आलं ते नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याच्या अंगावर, आणि त्याला बीएलक्यू कळत असतं तरी ते टळलं नसतं. तिथं कमतरता भाषेची नव्हती. काय तपासायचं हे ठरवणाऱ्यांत तो नव्हता, ही होती.

याउलट औषधाच्या डब्याकडं बघा. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांनुसार सोबतचं माहितीपत्रक स्थानिक भाषेतही द्यावं लागतं. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा यांपैकी एका रंगाचा त्रिकोण असतो, वाचता न येणाऱ्यालाही विषाची तीव्रता कळावी म्हणून. म्हणजे विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या भाषेत यायचं, हे तत्त्व कायद्याला माहीत आहे. अक्षर मुंगीएवढं छापतात ही वेगळी तक्रार. १९६४ च्या राजभाषा अधिनियमामुळं सातबारा, फेरफार, तलाठ्याची नोटीस मराठीत येते. तिथं तुमच्या बागायतदाराला कुठला वर्ग लावावा लागत नाही. मग दवाखाना, विमा, बँक, निर्यातदार यांनाच मोकळीक का?

वर्ग घेणारी : मोकळीक मी देत नाही, सर.

हरकतदार : देता, असं माझं म्हणणं आहे. थोडं सबुरीनं ऐका. मिरज दवाखान्यांचं गाव. १८९४ सालचं वानलेस रुग्णालय तिथलं. अथणी, चिकोडीकडून पेशंट येतो, त्याला मराठी येत नाही. वॉर्डातली सिस्टर त्याच्याशी कानडीत बोलते. तिनं वर्ग लावलेला नसतो. पेशंट येत गेले आणि ती शिकत गेली. पेशंटला 'आधी मराठी शिकून ये' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे दवाखान्याला पेशंटच्या भाषेत उतरता येतं, आणि ते रोज घडतं. पण त्याच पेशंटला घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड हातात देतात, ते इंग्रजीत. शस्त्रक्रियेआधी सही घेतात त्या संमतीपत्राचा मराठी नमुना असतो तिथंही बऱ्याचदा सही इंग्रजी कागदावर होते. तोंडी भाषा पेशंटची आणि कागदाची भाषा डॉक्टरची.

इंग्लंडमध्ये बाहेरून आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग आहेत, स्वीडनमध्ये तर १९६५ पासून स्थलांतरितांना स्वीडिश फुकट शिकवतात. ते मला रास्त वाटतं. माणूस दुसऱ्याच्या देशात गेलाय. आणि तिथंसुद्धा ज्याला इंग्रजी येत नाही अशा रुग्णासाठी दुभाष्या देणं ही ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेची जबाबदारी मानतात. आपल्याकडं माणूस कुठं गेलेला नाही. तो कवठे महांकाळमध्ये जन्मला, तिथंच बाग लावली, तिथंच आजारी पडला. आणि आपल्याच गावात परक्यासारखं वर्गात बसायची वेळ त्याच्यावर आली. तुमच्या वर्गातून एक जण शिकून बाहेर पडला की दवाखाना म्हणतो, बघा, लोक शिकतायत, आम्ही का बदलावं. गरज तुम्ही भागवता आणि मागणी मरते.

वर्ग घेणारी : ही तुमची हरकत मला लागते, सर, आणि मी ती उडवून लावणार नाही. पण आधी दोन गोष्टी.

साताऱ्याला मोठ्या माणसांचं शिकणं नवं नाही. ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली याच जिल्ह्यात सुरू झाली. सांगलीचं नाव तेव्हा दक्षिण सातारा होतं. पुढं ती महाराष्ट्रभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरवाचा सोहळा व्हायचा, नांगर धरणारे हात गावासमोर वाचून दाखवायचे. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. आणि सावित्रीबाई म्हणजे खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक, आपलीच. १८५४ च्या त्यांच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका असं शूद्रातिशूद्रांना सांगणारी कविता आहे. त्यांना इंग्रजांचं कौतुक होतं म्हणून नव्हे, तर मराठी-संस्कृतातलं ज्ञान ज्यांच्या कुलुपात होतं ते किल्ली देणार नव्हते म्हणून. तुम्ही म्हणता, संस्थेनं माणसाच्या भाषेत यावं. ज्याच्या भाषेला त्याच्याच गावात किंमत नव्हती, त्याला सावित्रीबाईंनी सांगितलं : वाट बघू नको. मला हा सल्ला आजही जुना झालेला वाटत नाही.

हरकतदार : ग्रामशिक्षण मोहिमेचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. ती मोहीम अख्ख्या गावानं अंगावर घेतली होती. शिकवणारा गावातला, जागा देवळाची नाहीतर शाळेची, साक्षर व्हायचं ते गावानं. आज प्रत्येक जण स्वतःपुरती इंग्रजी विकत घेतो आणि शेजाऱ्याला कळू नये म्हणून दुसऱ्या गल्लीतल्या वर्गाला जातो. आणि ती मोहीम त्याच्याच भाषेत होती. शिकलेलं संध्याकाळी घरी, देवळात, पारावर वापरता यायचं. तुमच्या वर्गातली इंग्रजी वर्गाबाहेर कुठं बोलणार? विट्याच्या बाजारात? कोरेगावच्या एसटी स्टँडवर? न वापरलेली भाषा वर्षभरात गंजते.

विट्याचंच उदाहरण घ्या. खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं देशभर पसरली आहेत. दुष्काळानं त्यांना बाहेर काढलं, आणि सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं कसब घेऊन ती केरळात, तमिळनाडूत, बंगालात, दिल्लीत जाऊन बसली. दहावीसुद्धा न झालेला आटपाडीचा पोरगा दोन वर्षांत मल्याळममध्ये भाव ठरवतो. कुणी शिकवलं? गिऱ्हाइकानं. मल्याळम काही मराठीच्या जवळची भाषा नव्हे. लिपी वेगळी, कूळ वेगळं. तरी येते, कारण बोलल्याशिवाय संध्याकाळची भाकरी नाही. माणूस भाषा शिकतो ती अशी. त्यासाठी बाकडं, फळा, फी लागत नाही. लागतो तो समोरचा बोलणारा, आणि तोच तुम्ही देऊ शकत नाही.

वर्ग घेणारी : गलाईवाल्यांबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण तो पोरगा पंधरा-सोळाचा असतो, चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानात असतो, आणि चुकला तर सोनार हसतो आणि बरोबर शब्द सांगतो. कारण सोनाराला त्याच्याकडून सोनं गाळून हवं असतं. त्या बाजारात दोघांची गरज सारखी आहे. आता इंग्रजी शाळेच्या पालकसभेला बसलेली सून बघा. तिथं ती चुकली तर कुणी शब्द सांगत नाही. बाकीच्या आया एकमेकींकडं बघतात. डॉक्टरला, साहेबाला, बँकेच्या मॅनेजरला तिच्या इंग्रजीची गरज नाही. तिला त्यांची गरज आहे. जिथं चूक झाली की माणसाची पायरी ठरते, तिथं चुकत-चुकत शिकता येत नाही. तो समोरचा बोलणारा मी देते, सर. माझ्या वर्गात तो दुसरा शिकणाराच असतो, त्यालाही तितकंच कमी येतं, म्हणून दोघांचीही जीभ सैल होते. गंज चढण्याचं म्हणाल तर ते खरं आहे. वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी बऱ्याच जणांचं बोलणं पुन्हा आखडतं. वाचणं मात्र टिकतं, कारण मोबाइलवर, कागदावर इंग्रजी रोज समोर येते. म्हणून मी आता वाचण्यापासून सुरू करते, बोलणं नंतर.

आणि दुसरी गोष्ट, जी तुमच्या बाजूनंच जाईल, पण मला सांगावीशी वाटते. नर्सला ब्रिटनमध्ये नोंदणी करायची तर आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. नाहीतर ओईटी नावाची आरोग्यसेवकांची वेगळी परीक्षा आहे. ओईटीच्या तोंडी भागात साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात. समोरचा माणूस रुग्ण होतो किंवा नातेवाईक होतो : घाबरलेला, चिडलेला, औषध घ्यायला नको म्हणणारा. नर्सनं नुसती माहिती द्यायची नसते. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते विचारायचं, मध्ये न तोडता ऐकायचं, मी सांगितलेलं कळलं का ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. याला गुण आहेत. आम्ही हे प्रसंग वर्गात करत होतो तेव्हा वॉर्डात कितीतरी वर्षं काढलेली एक सिस्टर म्हणाली, मॅडम, हे आम्हाला मराठीत कधी कुणी शिकवलंच नाही. आम्ही 'काही होत नाही, झोपा' एवढंच म्हणतो. त्यानंतर ती ड्यूटीवर आपल्या पेशंटला मराठीत तेच प्रश्न विचारायला लागली. इंग्रजीच्या परीक्षेसाठी शिकलेलं मिरजेच्या वॉर्डात मराठीतून उतरलं.

हरकतदार : ही गोष्ट तुम्ही मघाशीच सांगायला हवी होती. तुमच्या वर्गाची सगळ्यात मोठी कमाई मला हीच दिसते, आणि तिचा इंग्रजीशी संबंध नाही. मोठ्या माणसांना हवं असतं ते बोलण्याचं शिक्षण. प्रश्न कसा विचारावा, नकार कसा द्यावा, कागदावर सही करायच्या आधी थांबून 'हे काय आहे' असं कसं म्हणावं. हे आपण मराठीत शिकवतच नाही. मराठी येतेच की, असं धरून चालतो. त्या बागायतदाराला 'कुठल्या ओळीत आलंय ते दाखवा' असं म्हणता आलं, ते तो मराठीतच म्हणाला ना? त्याला तीन अक्षरांचा अर्थ लागत होता हे खरं, पण ते वाक्य उच्चारायची छाती त्याला कुठून आली? तुमच्या वर्गात मोठ्यानं बोलायची सवय झाली म्हणून. मग तोच वर्ग मराठीत भरवा. महिनाभर कागद वाचायला शिका : संमतीपत्र, विम्याची पॉलिसी, कर्जाचा करारनामा. इंग्रजी शब्द येतील तिथं ते शब्द घ्या, बाकी सगळं मराठीत.

वर्ग घेणारी : मी तसं करून बघायला तयार आहे. पण फलकावर 'मराठीतून कागद वाचायला शिका' असं लिहिलं तर कोण येईल? मराठी वर्गाला जाणं म्हणजे आपल्याला काही येत नाही असं सांगणं. इंग्रजीच्या वर्गाला जाणं म्हणजे पुढं जायचंय असं सांगणं. मोठा माणूस न लाजता ज्या दारातून आत येतो ते सध्या इंग्रजीचं आहे. हे चांगलं नाही, पण मी त्या दारात उभी राहते कारण माणसं तिथूनच येतात.

आणि तुम्ही मागणी मरते म्हणालात, त्याला माझं उत्तर आपल्याच भागात आहे. म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बायकांनी बँकेचा परवाना मागितला तेव्हा प्रवर्तक बायका अंगठा लावतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं नाकारला. त्या घरी बसल्या नाहीत आणि नुसतं भांडतही बसल्या नाहीत. शिकायला लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या आणि म्हणाल्या, व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनी यंत्रावर काढावं. १९९७ साली बँक उभी राहिली. शिकल्यानं त्यांची मागणी मेली नाही, तिला धार आली. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला कागदाविरुद्ध तक्रार तरी कशी करता येणार?

हरकतदार : माणदेशीच्या बायकांनी अधिकाऱ्यांना जिंकलं ते स्वतःच्या हिशोबावर. तोंडी व्याज काढायची विद्या त्यांच्याकडं आधीच होती. नव्हती ती सही. म्हणजे तिथं नियम बायकांपर्यंत आला, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. शिवाय त्या सगळ्या मिळून गेल्या. एकीनं सही शिकून स्वतःपुरतं खातं उघडलं असतं तर बँक झाली नसती. तुमच्या वर्गातून जो नीट शिकतो तो काय करतो? पुण्याला जातो. नर्स मँचेस्टरला जाते. जावं, त्यांचं भलं होवो. पण ज्यांच्या तक्रारीला आता धार येणार होती तेच निघून जातात, आणि इंग्रजी डिस्चार्ज कार्ड मागं राहिलेल्यांच्या हातात तसंच पडत राहतं.

वर्ग घेणारी : सगळे जात नाहीत. सुना राहतात. बागायतदार बाग उचलून नेत नाही. माझ्या वर्गात आता अर्ध्याहून जास्त बायका आहेत, आणि त्या इथंच राहणार आहेत. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मुलांना मराठी शिकवणं सक्तीचं केलं. पण पालकांना येणारी सूचना कुठल्या भाषेत असावी, ते वर्गातल्या सक्तीनं सुटत नाही. मूल मराठी शिकतं आणि त्याच्या आईच्या मोबाइलवर 'किंडली एन्शुअर' येतं. त्या बायकांना ती सूचना आता वाचता येते. शेजारणीला वाचूनही दाखवतात.

हरकतदार : मग त्यांनी शाळेला अर्ज करावा : सूचना मराठीतही पाठवा. तुमच्या वर्गाचा शेवटचा आठवडा त्यालाच द्या. इंग्रजीत लिहा हवं तर, म्हणजे शाळेला कळेल. मी एवढंच मागतो. मग तुमच्या वर्गावरची माझी हरकत निम्मी तरी कमी होईल.

वर्ग घेणारी : अर्ज आम्ही बसवू, सर. मसुदा या बायका चांगला करतील. पण त्याखाली सही कोण करेल ते तुम्ही सांगा. शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागेवर जिचं मूल बसलंय, ती करेल? ती आधीच धास्तावलेली असते, पोराकडं कुणी वाकड्या नजरेनं बघू नये म्हणून. जिचं मूल पूर्ण फी भरून शिकतं, ती करेल? तिला आपल्याला इंग्रजी येत नाही हे लेखी द्यायचं नाही, त्यासाठीच तर ती वर्गाला येते. बागायतदार निर्यातदाराला 'अहवाल मराठीत द्या' म्हणेल, पण पुढच्या हंगामात माल घेणारा तोच आहे. तुम्ही मागता ते बरोबर आहे, पण जिला गरज आहे तिलाच सर्वांत जास्त किंमत मोजावी लागेल.

हरकतदार : मी सही करतो.

वर्ग घेणारी : तुमचं मूल त्या शाळेत नाही, सर. आणि शाळा तुमचा अर्ज वाचेल ती तुम्ही जुने मास्तर आहात, चार ओळी नीट इंग्रजीत लिहू शकता म्हणून. तुमच्या सहीला जे वजन आहे ते तिच्या सहीला कसं येईल, याचा मी रोज विचार करते, आणि माझ्याकडं वर्ग सोडून दुसरी वाट नाही.

हरकतदार : तिची सही वजनदार व्हायला तिनं आधी माझ्यासारखं व्हायचं, असाच त्याचा अर्थ होतो. तसं झालं तर तिला अर्जाची गरजच उरणार नाही, आणि म्हणून ती तो करणारही नाही. याच जागी तुमचं-माझं अडतं. शंभर जणी मिळून सही करतील तर एकीची भीती कमी होईल, एवढं मला दिसतं. ग्रामशिक्षण मोहिमेत गाव एकत्र आलं होतं. इथं एकत्र यायचं कुणी आणि कुठं, ते मला सांगता येत नाही.

वर्ग घेणारी : कुठं, ते मला सांगता येतं. संध्याकाळी सातला, माझ्या वर्गात त्या एकत्र असतातच. पण त्या इंग्रजी शिकायला आलेल्या आहेत, अर्ज करायला नाही, आणि त्यांनी भरलेल्या फीचा मान मला राखावा लागेल. तुम्ही या. अर्जाची गोष्ट त्यांच्यासमोर तुम्हीच काढा, मराठीत. त्या नाही म्हणाल्या तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन.

हरकतदार : येतो. पण त्या नाही म्हणाल्या तर ते त्यांचं मत आहे की त्यांची भीती आहे, हे तिथंच विचारीन. तुमच्यासमोर.